कॉमेट डीएच ८८: दुर्मीळ ब्रिटिश विमान सिम्युलेटरसाठी कसं बांधायचं

जुनं विमान सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या खेळात, उभं करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर उघडतात आणि पहिल्याच दिवशी नाकाचा आकार काढायला बसतात. दोन-तीन महिन्यांत विमान देखणं होतं. मग ते उडवायची वेळ येते. वजन एका पुस्तकातून घेतलेलं, इंजिनाची ताकद दुसऱ्या आवृत्तीची आणि इंधन भलत्याच गॅलनमध्ये, असं ध्यानात येतं आणि सगळं पुन्हा उकलावं लागतं. म्हणून या कामात वही आधी आणि मॉडेल नंतर.

उदाहरणासाठी डी हॅव्हिलँड डीएच ८८ कॉमेट घेऊ. १९३४ साली इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हवाई शर्यतीसाठी हे दोन इंजिनांचं लाकडी विमान बनलं. एकूण पाचच तयार झाली. त्यातलं लाल रंगाचं जी-एसीएसएस २० ऑक्टोबर १९३४ला मिल्डेनहॉलहून निघालं आणि बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन, चार्लेव्हिल असे थांबे घेत सुमारे ७१ तासांत मेलबर्नला पोचलं. हेच विमान आज बेडफर्डशरमधल्या ओल्ड वॉर्डनच्या शटलवर्थ संग्रहात आहे.

पहिल्या प्रकल्पाला कॉमेट चांगलं. लहान आहे, यंत्रणा थोड्या आहेत, आकडे बऱ्यापैकी मिळतात. हँडली पेज एचपी ४२ या प्रवासी विमानाची आठ नमुने बनले आणि एकही उरलं नाही. तिथे चार इंजिनं, दोन मजली पंख आणि त्यांच्यामधल्या तिरप्या टेकूंचं जाळं, म्हणजे ड्रॅगचा (हवेच्या अडथळ्याचा) हिशेब फार अवघड. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान वेस्टलँड व्हर्लविंडही पूर्ण असं एकही शिल्लक नाही. ती दोन्ही दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घ्या.

वही

प्रत्येक आकड्यापुढे चार गोष्टी लिहा: आकडा, एकक, कुठून मिळाला, आणि विमानाच्या कोणत्या अवस्थेचा. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. विमान हलत्या इतिहासाची वस्तू आहे. व्हर्लविंडच्या पंखाच्या पुढच्या कडेला सुरुवातीला आपोआप उघडणाऱ्या स्लॅट (छोट्या फळ्या) होत्या, पुढे त्या बंद करून टाकल्या. दोन्ही काळांतले फोटो खरेच, पण स्टॉलची (वेग फार कमी झाल्यावर पंखाची उचल तुटते त्याची) वागणूक वेगळी. जी-एसीएसएसचंही तसंच. शर्यतीनंतर ते हवाई मंत्रालयाकडे गेलं, के५०८४ हा क्रमांक मिळाला, रंग बदलला, पुढे पुन्हा नागरी झालं. आज उडणाऱ्या विमानात मूळची जिप्सी सिक्स आर इंजिनं नाहीत, जिप्सी क्वीन आहेत. शर्यतीचं विमान बांधायचं असेल तर आजच्या रंगीत फोटोंवरून नाक, शेपटीचा टेकू, प्रोपेलर किंवा कॉकपिटमधल्या डायल उचलू नका. एक तारीख ठरवा, उदाहरणार्थ १९ ऑक्टोबर १९३४, आणि त्या तारखेला विमानावर जे नव्हतं ते मॉडेलवर येऊ देऊ नका.

साहित्य कुठे शोधायचं? लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एव्हिया १८ या मालिकेत सरकारी विमान-चाचणी केंद्राचे अहवाल आहेत. हे केंद्र १९३९पर्यंत मार्टलशॅम हीथला होतं, मग बॉसकोम डाउनला गेलं, म्हणून काळ पाहून नाव शोधा. लष्करी विमानांच्या एअर पब्लिकेशन म्हणजे अधिकृत पुस्तिका एअर १० मालिकेत सापडतात. नागरी विमानाची नोंदणी, मालक आणि तारखा ब्रिटिश नागरी नोंदवहीच्या जुन्या पानांत असतात. लंडन कोल्नी या गावाजवळचं डी हॅव्हिलँड संग्रहालय या घराण्याच्या विमानांसाठी विचारपूस करायची पहिली जागा. प्रश्न नेमका विचारा. ‘कॉमेटबद्दल काही आहे का’ याला उत्तर मिळत नाही. ‘मुख्य चाकाच्या टायरचा आकार आणि दोन चाकांमधलं अंतर आराखड्यावर आहे का’ याला मिळतं.

कॉमेटचे धरून चालायचे आकडे असे: पंखांची रुंदी (टोकापासून टोकापर्यंत) ४४ फूट, लांबी २९ फूट, पंखांचं क्षेत्रफळ २१२.५ चौरस फूट, रिकामं वजन २,९३० पौंड, भरलेलं ५,५५० पौंड, प्रत्येकी २३० अश्वशक्तीची दोन इंजिनं, कमाल वेग ताशी २३७ मैल, प्रवासाचा वेग २२०, पल्ला २,९२५ मैल, इंधन २५८ गॅलन.

एककांचा घोळ

हे २५८ गॅलन ब्रिटिश आहेत. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ लिटरचा. सिम्युलेटरच्या फाइलीत बहुधा अमेरिकन गॅलन मागतात, म्हणजे तिथे ३१० लिहायचे. २५८च लिहिले तर विमानाचा पल्ला सहाव्या हिश्शाने घटतो, आणि मग लोक तो भरून काढायला इंजिनाचा खप खोटा करतात. एका चुकीवर दुसरी चूक बसते ती अशी.

ताशी मैल आणि नॉट (ताशी सागरी मैल) हा दुसरा सापळा. त्या काळची ब्रिटिश कागदपत्रं मैलांत बोलतात. २३७ मैल म्हणजे २०६ नॉट. तिसरा सापळा सुपरचार्जर (हवा दाबून इंजिनात भरणारा पंप) असलेल्या इंजिनांचा. ब्रिटिश बूस्ट गेज (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब दाखवणारी तबकडी) शून्यापासून मोजतं आणि हे शून्य म्हणजे समुद्रसपाटीचा दाब, २९.९२ इंच पारा. बूस्टचा प्रत्येक पौंड त्यात २.०४ इंच वाढवतो. म्हणून अधिक १२ पौंड बूस्ट म्हणजे साधारण ५४.४ इंच. जिप्सी सिक्सला सुपरचार्जर नाही, त्यामुळे कॉमेटपुरती यातून सुटका.

आकड्यांचा मेळ बसवणं

या कामाचा गाभा हाच. दुर्मीळ विमानाचा एखादा आकडा खरा की छपाईची चूक हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. पण आकडे एकमेकांची साक्ष देतात. कागद-पेन्सिल घेऊन एक तास बसलं की कळतं.

आधी वजन. ब्रिटिश गॅलनभर पेट्रोल साधारण ७.२ पौंड. २५८ गॅलन म्हणजे १,८५८ पौंड. त्यात रिकामं वजन मिळवलं की ४,७८८. दोन वैमानिकांचे ३६० धरले तर ५,१४८. उरलेले ४०० पौंड तेल, सामान आणि शर्यतीची साधनं यांत बसतात. हिशेब जुळतो. इथे उरलेला आकडा उणे आला असता तर रिकामं वजन किंवा टाकीचा आकडा संशयित ठरला असता.

आता ड्रॅग. सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाची पूर्ण ताकद समुद्रसपाटीजवळच मिळते, म्हणून कमाल वेगही तिथलाच धरायचा. ४६० अश्वशक्ती, प्रोपेलरची कार्यक्षमता ०.८, वेग सेकंदाला ३४७.६ फूट. एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ५५० फूट-पौंड, म्हणून ४६० × ५५० × ०.८ भागिले ३४७.६ केलं की प्रोपेलरचा ओढा ५८२ पौंड येतो. वेग स्थिर असताना ड्रॅगही तेवढाच. हवेचा गतिज दाब १४३.६ पौंड प्रति चौरस फूट. त्याला क्षेत्रफळाने गुणून ५८२ला भागलं की ड्रॅगचा एकूण गुणांक ०.०१९१ मिळतो.

यातला लिफ्टमुळे (पंखाच्या उचलीमुळे) येणारा भाग वेगळा काढा. त्या वेगाला लिफ्टचा गुणांक ०.१८२. आस्पेक्ट रेशो म्हणजे ४४चा वर्ग भागिले २१२.५, तो ९.१. ०.१८२चा वर्ग भागिले ३.१४, ९.१ आणि पंखाची कार्यक्षमता ०.८ यांचा गुणाकार, येतं ०.००१४५. उरलेला ०.०१७६ हा निव्वळ आकाराचा ड्रॅग. सिम्युलेटरच्या फाइलीत हाच लिहायचा. १९३४च्या विमानाला इतका कमी कसा, असं वाटेल. गुळगुळीत लाकडी कातडी, आत ओढली जाणारी चाकं आणि निमुळतं शरीर पाहिलं की पटतं.

आता खरी परीक्षा. पल्ला २,९२५ मैल आणि इंधन २५८ गॅलन, म्हणजे गॅलनला ११.३ मैल. ताशी २२० मैलांनी जाताना दोन्ही इंजिनं मिळून तासाला १९.४ गॅलन, म्हणजे प्रत्येकी सुमारे ७० पौंड. अश्वशक्तीला तासाला ०.४८ पौंड हा त्या पिढीच्या इंजिनाचा वाजवी खप धरला तर प्रत्येक इंजिन १४५ अश्वशक्ती देत असलं पाहिजे, दोन मिळून २९०. हे इंधनाच्या बाजूने.

हवेच्या बाजूने पाहू. दहा हजार फुटांवर २२० मैल वेग, मध्यावरचं वजन ४,६०० पौंड. आकाराचा ड्रॅग ३४२ पौंड, लिफ्टमुळे येणारा ४८, मिळून ३९०. त्याला लागणारी ताकद, प्रोपेलरचं नुकसान धरून, २८६ अश्वशक्ती. एकीकडून २९०, दुसरीकडून २८६. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे असे शेजारी येऊन बसले की या हिशेबात वापरलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवता येतो. फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर पुढे जाऊ नका. कुठला तरी आकडा दुसऱ्या अवस्थेतला आहे.

स्टॉलच्या वेगाला मात्र वजनाशिवाय अर्थ नाही. कॉमेटचा ७४ मैल असा दिलेला असतो. तो भरलेल्या वजनाचा मानला तर लिफ्टचा कमाल गुणांक १.८७ लागतो, ४,००० पौंडाचा मानला तर १.३५. साध्या स्प्लिट फ्लॅपवाल्या (पंखाखाली उघडणाऱ्या पट्ट्यांच्या) निमुळत्या पंखाला १.८७ जरा जास्तच. फ्लॅप खाली असताना १.६च्या आसपास धरून, वेगवेगळ्या वजनांना स्टॉल कुठे येतो ते तपासत जाणं शहाणपणाचं.

आराखडा आणि फोटो

तीन बाजूंचे छापील आराखडे आधाराला घ्या, पण पुरावा म्हणून नको. कागद छापताना आणि स्कॅन करताना ताणला जातो, आणि दोन्ही दिशांना सारखा ताणला जात नाही. १:७२च्या आराखड्यावर कॉमेटचा पंख १८६ मिलिमीटर आणि लांबी १२३ मिलिमीटर भरली पाहिजे. आडवं आणि उभं माप वेगवेगळं तपासा, वेगवेगळंच दुरुस्त करा. मग ब्लेंडरमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर ठेवून पंख १३.४१ मीटर आणि लांबी ८.८४ मीटर अशी चौकट आखा.

आराखड्यातल्या वळणांची खात्री फोटोवरून होते. एफस्पाय या मोफत साधनात फोटोतल्या समांतर रेषा दाखवल्या की कॅमेऱ्याची जागा आणि भिंगाची लांबी निघते, आणि तोच कॅमेरा ब्लेंडरमध्ये आणता येतो. हँगरच्या दाराच्या आणि फरशीच्या कडा यासाठी उत्तम. मोकळ्या गवतावरचा फोटो इथे निरुपयोगी. निदान तीन फोटो, तीन वेगळ्या कोनांतले, जुळले पाहिजेत. एकाच फोटोशी मॉडेल जुळवलं तर त्या कोनातून ते हुबेहूब दिसतं आणि बाजूने फुगलेलं असतं. फोटोच्या कडेला असलेलं पंखाचं टोक मोजायला घेऊ नका, भिंग तिथे रेषा वाकवतं.

कातडी

कॉमेटवर रिवेट नाहीत. हे ठळक लिहायचं कारण असं की तयार टेक्स्चर (मॉडेलवर चढवायची चित्रं) वापरणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक हीच असते. पंखाची कातडी स्प्रूस लाकडाच्या सुमारे दोन इंच रुंद पट्ट्यांची, तिरकस, एकमेकींना छेदणाऱ्या दोन थरांत बसवलेली. वरून लुकण भरून, घासून, रंगवून काढलेली. म्हणजे पॅनेलच्या खोल रेघा नकोत. प्रकाश तिरपा पडला तर पट्ट्यांची अगदी पुसट तिरकी चाहूल लागावी, इतपतच नॉर्मल मॅप (पृष्ठभागाचे बारीक उंचवटे भासवणारं चित्र). धातूपणा शून्य, खडबडीतपणा ०.२५च्या आसपास. इंजिनांची आवरणं मात्र धातूची आहेत. तिथे पत्र्याचे सांधे आणि पकडी येऊ द्या, आणि तेलाचे ओघळ मागच्या बाजूला, हवेच्या दिशेने.

नॉर्मल मॅप लावल्यावर उंचवटे खड्ड्यांसारखे दिसले तर हिरवा चॅनेल उलटा करा. सिम्युलेटरनुसार ही रीत बदलते.

मॉडेलची जाळी फार दाट करू नका. शरीराच्या छेदाला ३२ ते ४८ बाजू पुरतात. दाटी खर्च करायची तर नाक आणि इंजिनाची टोकं, कॉकपिटची कड आणि पंख-शरीराचा सांधा या ठिकाणी, कारण आकाशासमोर तिथलीच बाह्यरेषा दिसते.

चाकांचं चक्र

कॉमेटची चाकं हाताने ओढतात. कॉकपिटमधलं मोठं चक्र १४ वेळा फिरवलं की ती मागे इंजिनाच्या आवरणात जातात. हे हलवून दाखवताना एक फजिती हमखास होते. १४ फेऱ्या म्हणजे ५,०४० अंश. जीएलटीएफ या त्रिमितीय मॉडेलच्या फाइल-स्वरूपात फिरणं क्वाटर्नियनने (चार आकड्यांच्या संचाने) साठवलं जातं आणि दोन कीफ्रेममधून (हालचालीतल्या ठरवून दिलेल्या स्थितींमधून) ते जवळच्या वाटेने जातं. सुरुवात आणि शेवट अशा दोनच कीफ्रेम ठेवल्या तर दोन्हीकडे चक्र एकाच जागी दिसतं, आणि ते मुळीच फिरत नाही. दर ९० अंशाला एक कीफ्रेम द्या, एकूण ५७. एक्स-प्लेन या सिम्युलेटरच्या ऑब्जेक्ट स्वरूपात कोन सरळ आकड्याने लिहिता येतो, तिथे ही अडचण नाही.

वेळही खरा ठेवा. एका फेरीला दोन सेकंद धरले तरी २८ सेकंद. तेवढा वेळ एक हात चक्रावर आहे आणि चाकांचा ड्रॅग हळूहळू कमी होतो आहे. चार सेकंदांत चाकं आत गेली तर उड्डाणानंतरचा तो जड मिनिटच हरवतो.

जडत्व, तोल आणि स्टॉल

जडत्वाचे (विमान वळायला किती विरोध करतं त्याचे) आकडे कुठल्याच पुस्तकात नसतात, ते काढावे लागतात. दोन प्रोपेलर इंजिनांच्या विमानाला विमानरचनेत रूढ असलेले गुणक ०.३४, ०.२९ आणि ०.४४ वापरा. रिकामं वजन भागिले ३२.१७४ केलं की वस्तुमान ९१ स्लग (फूट-पौंड पद्धतीतलं वस्तुमानाचं एकक). आडव्या लोळण्याला ९१ × (२२ × ०.३४) चा वर्ग, म्हणजे सुमारे ५,१०० स्लग-फूट वर्ग. नाक वर-खाली होण्याला ९१ × (१४.५ × ०.२९) चा वर्ग, सुमारे १,६००. नाक डावी-उजवीकडे वळण्याला लांबी-रुंदीच्या सरासरीचं अर्ध म्हणजे १८.२५ घेऊन सुमारे ५,९००. गणित रिकाम्या वजनावर करायचं कारण सिम्युलेटर इंधनाची भर स्वतः घालतो. भरलेल्या वजनावर केलं तर इंधन दोनदा मोजलं जातं आणि विमान ट्रकसारखं वळतं.

कॉमेटचं सगळं इंधन शरीरात आहे, पंखात नाही. मुख्य टाक्या वैमानिकांच्या पुढे, आणि कॉकपिटच्या मागे २० गॅलनची छोटी टाकी तोल साधायला. टाक्या पंखात टाकणं सोपं जातं म्हणून लोक तसं करतात, आणि त्यात या विमानाचा स्वभावच जातो. पुढचं इंधन जळत गेलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि विमान हळूहळू चंचल होतं. मागची टाकी कधी रिकामी करायची हा निर्णय वैमानिकाकडे येतो. प्रत्येक टाकी तिच्या खऱ्या जागी ठेवा आणि निवडीची कळ वेगळी ठेवा.

पंख टोकाकडे निमुळता आहे, म्हणून टोक आधी स्टॉल होतं आणि पूर्वसूचना जवळजवळ मिळत नाही. कॉमेटची ही खोड प्रसिद्ध आहे. सिम्युलेटरचा आपसूक स्टॉल मवाळ असतो. एक्स-प्लेनमध्ये टोकाच्या एरोफॉइलचा (पंखाच्या छेदाच्या आकाराचा) स्टॉल-कोन मुळाकडच्या एरोफॉइलपेक्षा दोन-तीन अंश कमी ठेवा आणि लिफ्टची रेघ शिखरानंतर तीव्र उतरवा. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये स्टॉलनंतरच्या लिफ्टच्या तक्त्याचा उतार हेच काम करतो. तपासणी: इंजिन मंद, वेग दर सेकंदाला एक मैल कमी, काठी सरळ. पंख एकदम एका बाजूला पडला पाहिजे, नाक डोलत राहिलं तर अजून काम बाकी आहे.

जमिनीवर उभं केलेलं विमान सुरुवातीलाच उड्या मारत असेल तर संपर्कबिंदूंचं स्थिर दाबलं जाणं तपासा. चाकाचा बिंदू जमिनीखाली जितका असतो आणि स्प्रिंग जितकी दाबली जाते असं तुम्ही लिहिलंय, त्यांत मेळ नसला की असं होतं. बाजूने काढलेल्या फोटोत शेपटी टेकलेली असताना शरीराचा जमिनीशी कोन मोजा, आणि तेवढाच कोन सिम्युलेटरमध्ये येईपर्यंत उंची बदला. शेपटीला चाक नव्हे, घसरपट्टी द्या, वळणारी तर मुळीच नको. धावपट्टीवर वळण्यासाठी दोन इंजिनांचा कमी-जास्त जोर वापरावा लागतो, तसा तो वापरावाच लागू द्या.

जिप्सी इंजिनं कॉकपिटमधून पाहिलं तर डावीकडे, घड्याळाच्या उलट फिरतात. दोन्ही एकाच दिशेने. त्यामुळे दौडताना नाक उजवीकडे ओढलं जातं. स्पिटफायरचं मर्लिन इंजिन उलट दिशेने फिरतं, तिथे ओढ डावीकडे. बनवणाऱ्याने सवयीने घड्याळाच्या दिशेचा प्रोपेलर ठेवला तर सगळं उड्डाण आरशात पाहिल्यासारखं होतं.

सायकलच्या पंपाचा प्रोपेलर

या विमानातली सगळ्यात वेगळी गोष्ट हीच, आणि इथे हात आखडता घेऊ नये. फ्रेंच रातिए बनावटीच्या प्रोपेलरला दोनच कोन. फाइन म्हणजे पातं हवेचा छोटा घास घेतं, उड्डाणाला. कोर्स म्हणजे मोठा घास, प्रवासाला. उड्डाणाआधी जमिनीवर सायकलच्या पंपाने आत हवा भरून पाती फाइनवर आणतात. हवेत वेग ताशी साधारण १५० मैलांवर गेला की समोरच्या तबकडीवर हवेचा दाब पडतो, झडप उघडते, भरलेली हवा सुटते आणि पाती कोर्सवर जातात. परत फाइनवर आणायची सोय हवेत नाही. म्हणजे उतरताना आणि उतरणं रद्द करून पुन्हा वर जाताना प्रोपेलर कोर्समध्येच. जोर कमी, फेरे कमी.

कुठलाही सिम्युलेटर हे तयार देत नाही. प्रत्येक इंजिनाला एक स्थिती लिहून ठेवा: हवा भरलेली किंवा सुटलेली. वेग १५० ओलांडला की सुटलेली. भरलेली होण्यासाठी तीन अटी एकदम: विमान जमिनीवर, इंजिन बंद, पंपाची कृती केलेली. दोन्ही तबकड्यांच्या वेगात तीन-चार मैलांचा फरक ठेवला तर एक प्रोपेलर आधी बदलतो आणि नाक क्षणभर हिसका देतं. हा आकडा आमच्या अंदाजाचा, पण दोन झडपा एकाच क्षणी सुटतील असं मानणं जास्त खोटं.

पात्याचा कोन थेट लिहिता येत नसेल तर स्थिर फेऱ्यांचा प्रोपेलर निवडा, किमान आणि कमाल कोन या दोन टोकांना बांधा, आणि गव्हर्नरला (फेरे ठरावीक ठेवणाऱ्या नियंत्रकाला) अशक्य लक्ष्य द्या. ३,५०० फेरे मागितले की पातं फाइनच्या टोकाला अडून राहतं, ५०० मागितले की कोर्सच्या. कोन किती? २२० मैल वेग आणि मिनिटाला २,२०० फेरे धरले तर एका फेरीत विमान ८.८ फूट पुढे जातं. व्यास फोटोवरून समजा साडेसहा फूट निघाला, तर पात्याच्या तीन-चतुर्थांश त्रिज्येला वर्तुळ १५.३ फूट. ८.८ भागिले १५.३, तो कोन जवळपास ३० अंश. पात्याला हवा कापायला आणखी दोन-तीन अंश, म्हणजे कोर्स ३२ ते ३३. असंच गणित ११० मैलांना करून फाइन १८-१९ येतो.

दोन ठिकाणी हे फसतं. खेळणाऱ्याने थेट हवेतून सुरुवात केली तर स्थिती ‘भरलेली’ राहते आणि इंजिन फेऱ्यांची मर्यादा तोडतं. म्हणून सुरू होतानाच वेग पाहून स्थिती ठरवा. आणि साठवलेलं उड्डाण पुन्हा उघडताना ती स्थितीही साठवलेली असली पाहिजे.

कॉकपिट आणि आवाज

सहा डायलची ठरावीक मांडणी ब्रिटिश विमानांत १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. कॉमेट त्याआधीचं, तेव्हा ती चौकट इथे बसवू नका. त्या काळचं ब्रिटिश पी प्रकारचं होकायंत्र असेल तर त्याची कृती पूर्ण करा: वरची जाळीची कडी फिरवून दिशा लावायची, कडी घट्ट करायची, आणि सुई दोन तारांना समांतर येईपर्यंत विमान वळवायचं. आकडा वाचून दाखवणारी नुसती तबकडी ठेवली तर नेव्हिगेशनची मजाच जाते. पुढे नाक लांब, त्यामुळे समोरचं फारसं दिसत नाही. वैमानिकाचा डोळा दृश्य बरं दिसावं म्हणून वर उचलू नका.

आवाजासाठी मर्लिनचं रेकॉर्डिंग लावू नका. जिप्सी सिक्स सहा सिलिंडरचं, चार ठोक्यांचं, थेट जोडलेलं. २,४०० फेऱ्यांना सेकंदाला १२० स्फोट होतात आणि दोन पात्यांचा प्रोपेलर ८० वेळा हवा कापतो. तुमच्या रेकॉर्डिंगच्या आलेखात हीच दोन शिखरं आली पाहिजेत. दोन इंजिनांत २० फेऱ्यांचा फरक पडला की सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. दोन्हीकडे एकच नमुना एकाच फेऱ्यांवर लावला तर तो नाहीसा होतो.

चाचणी आणि वाटप

वारा शून्य, १५ अंश तापमान, १०१३ मिलिबार. एका वेळी एकच आकडा बदला, प्रत्येक बदल वहीत. क्रम असा ठेवा: समतल कमाल वेग, मग दहा हजार फुटांवरचा खप, मग चढण्याचा दर, मग स्टॉल, शेवटी जमिनीवरची वागणूक. कमाल वेग जुळवायला इंजिनाची ताकद वाढवायचा मोह होतो. ताकद कागदावर पक्की आहे, बदलायचा तो ड्रॅग किंवा प्रोपेलर. ड्रॅग जुळला आणि खप नाही जुळला तर प्रोपेलरची कार्यक्षमता पाहा, इंधनाच्या फाइलीला सगळ्यात शेवटी हात लावा.

वाटताना दुसऱ्याचे फोटो टेक्स्चरमध्ये चिकटवलेले नाहीत ना हे पाहा. ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी साहित्याचा हक्क ५० वर्षांनी संपतो, पण खासगी छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो, आणि १९३४चा फोटो जुना आहे म्हणून मोकळा आहे असं नसतं. विमानाबरोबर वहीही द्या: कोणता आकडा कागदपत्राचा, कोणता गणिताने काढलेला, कोणता अंदाजाचा. पुढे कुणाला मूळ आराखडा सापडला तर नेमकी कुठली ओळ बदलायची ते त्याला लगेच कळेल.